आमच्या इवाईंनी प्रोसेसर निवडला

गोदावरीच्या दोन्ही काठांवर आमच्या इवाईंइतका काळजी करणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. कोणाला वाटत असेल की आपल्याकडे आहे, तर त्याने तो लातूरला आणून मला दाखवावा. इवाई म्हणजे माझ्या पोरीचे सासरे. तिकडे पुण्याकडे व्याही म्हणतात, आमच्याकडे इवाई. मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं डाळमिलमध्ये काढली, हमाल म्हणून आत गेलो आणि मिस्त्री होऊन बाहेर पडलो. माणूस काय आणि मोटर काय, नुसता आवाज ऐकून आत कुठे बिघडलंय ते मला कळतं, असा माझा समज आहे आणि तो अजून कोणी खोटा पाडलेला नाही. इवाईंचा आवाज मी पहिल्याच भेटीत ओळखला. बेअरिंग चांगलं, पट्टा चांगला, पण मोटर रिकामी फिरत असली तरी दहा पोत्यांचा भार असल्यासारखी घरघरते.

नांदेडला, विष्णुपुरीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. पोरांनी जाळलेली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे या जगात जे जे आहे ते ते जळू शकतं यावर त्यांची श्रद्धा बसली. लोकांच्या खिशाला पेन असतो, यांच्या खिशाला टेस्टर. कोणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरच्या बोर्डाला टेस्टर लावून बघतात, मगच खुर्चीवर बसतात. लग्नाची बोलणी करायला आमच्याकडे आले तेव्हा पाण्याचा तांब्या हातात घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले आणि बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या फ्रीजला अर्थिंग न्हाई." मी म्हणालो, "बारा वर्षं झाली, चालून राहिला तो." तर म्हणतात, "म्हणूनच भीती वाटून राहिली." बसच्या पाटीवर लातूर लिहिलेलं असलं तरी ते कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला विचारतात, मग आधीच बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारतात, आणि एवढं करून मला फोन लावतात की, "लातूरलाच जाते म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?" विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडले की पहिला फोन मला. आमच्या लातुरात आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, बायाबापड्या घागरी घेऊन उभ्या, आणि हा माणूस मला तिकडून सांगतो, "नदीकाठाला जाऊ नका." मी विचारतो, "कोणत्या नदीच्या?" तर म्हणतात, "सावध असलेलं बरं."

सगळ्या आयुष्यात या माणसाने एकच निर्णय झटकन घेतला आणि तो माझ्या पोरीचा. वर्षाला बघायला आले तेव्हा बाकीची मंडळी तिला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं विचारत होती. यांनी विचारलं, "बाई, घरातला फ्यूज उडाला तर आधी काय करशील?" वर्षा म्हणाली, "आधी कशानं उडाला ते बघीन, मग बसवीन." इवाईंनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं." त्यांच्या बायकोने, आमच्या इहीणबाईंनी, त्यांच्याकडे असं बघितलं की हा आपलाच नवरा आहे का.

आता जे सांगायचं ते सांगताना मला थोडं जड जातं, पण सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. वर्षाचा लातुरात डिप्लोमा झाला होता आणि तिला पुढे इंजिनिअरिंगला जायचं होतं. चांगलं स्थळ आलं म्हणून मी म्हणालो, पुरे. एकदा पुरे म्हणालो की मी शब्द फिरवत नाही, सगळ्या मिलला ते माहीत आहे. तिने फिरवायला सांगितलंही नाही. लग्न झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात इवाईंनी तिचा डिग्रीला प्रवेश करून टाकला. मला कळवलं नाही; प्रवेश झाल्यावर पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला. गोड लागला असं म्हणणार नाही. नंतर डिग्री झाली, मग नात झाली, मग चार वर्षं घरात गेली, आणि आता नोकरीला अर्ज केला की सगळे हेच विचारायचे, ही चार वर्षं काय केलंत? मागच्या उन्हाळ्यात एका कंपनीने मात्र परीक्षेला बोलावलं. काम घरी बसून करायचं, लांबलांबचे कॉम्प्युटर सांभाळायचे. परीक्षाही घरूनच. तिच्या एका कॉम्प्युटरच्या आत तिने चार कॉम्प्युटर उभे करायचे, ते एकमेकांशी बोलते करायचे, ते लोक तिकडून त्यातला एक मुद्दाम बिघडवणार, आणि तिने त्यांच्यासमोर तो सुधारायचा. हातात तीन हप्ते. तिच्या जुन्या लॅपटॉपवर दुसरा उभा केला की भाकरी शेकता येईल इतका तो तापायचा आणि तिसऱ्याला जागीच मरायचा. जावई उमरीला नोकरीला, सकाळी जातो अन् दिवे लागल्यावर येतो. मग इवाई उभे राहिले आणि म्हणाले, "नव्या कॉम्प्युटरचा डबा मी जोडणार."

हे मला फोनवर कळलं तेव्हा मी विचारलं, "एका डब्यात चार कॉम्प्युटर मावतील कसे?"

"मावत न्हाईत पाव्हणं. ते खरे नसतातच. त्यांना फक्त वाटतं की आपण वेगळे हाव."

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "म्हणजे आमचा शाफ्ट." जुन्या डाळमिलमध्ये प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसायची. मोटर एकच, दांडगी; तिच्यावर छताखालून जाणारा लांब लोखंडी शाफ्ट; आणि शाफ्टवरून खाली उतरलेले पट्टे. एका पट्ट्यावर चाळणी हलायची, एकावर तुरीची साल निघायची, एकावर डाळ फुटायची, एकावर भुसा उडायचा. चाळणीला वाटायचं मोटर आपल्याच बापाची आहे. हे मी सांगितलं. मग इवाई हळूच म्हणाले, "पाव्हणं, कॉलेजात पोरांना हे समजावून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस यायचा. असं कुणी सांगितलं न्हाई." त्या दुपारी मी एक भाकर जास्त खाल्ली.

ती भाकर मला बाधली. मला यातलं कळतं असं त्यांनी धरलं आणि दिवसातून पाच-पाच वेळा फोन येऊ लागले. या डब्यातली मोटर म्हणजे प्रोसेसर, आणि प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या दोन. एकीचा माल निळ्या खोक्यात येतो, दुसरीचा केशरी. आम्ही त्यांना निळा आणि केशरीच म्हणायचो, बैलजोडीतल्या बैलांसारखं. सकाळी फोन यायचा: "निळा घेऊन राहिलो. त्याच्यात सोळा कोर हायेत." कोर म्हणजे आतले गडी, कामाला हात लावणारे. दुपारी फोन: "निळा नको. सोळातले आठ दमाचे आणि आठ बारके." मी म्हणालो, "म्हणजे हजेरीला सोळा, पण आठ अर्ध्या मजुरीचे." संध्याकाळी फोन: "केशरीत आठच, पण सगळे सारखे. मात्र पाव्हणं, केशरी तापला तर?" दुसऱ्या दिवशी कळलं की पुढच्या महिन्यात त्याहून नवा येणार आहे आणि तोवर थांबणं शहाणपणाचं. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात परीक्षा होऊन गेलेली असंल." तर म्हणाले, "तीच तर काळजी हाय."

मे महिन्यातलं नांदेड म्हणजे काय ते ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. इवाईंनी घरातल्या प्रत्येक खोलीत, भर दुपारी, थर्मामीटर टांगून ठेवला. कॉम्प्युटरला कुठे गार वाटेल याचा शोध. सगळ्यात गार जागा देवघराची निघाली, कारण तिथे कडूलिंबाची सावली आणि फरशी जुनी शहाबादी. इहीणबाई म्हणाल्या, "देव हलवा म्हणालात तर मी माहेरी जाईन." वीज वरखाली होते म्हणून एक वही, वीज पडू शकते म्हणून दुसरी वही, उंदीर वायर कुरतडतात म्हणून त्याच वहीच्या मागच्या पानावर नोंद. तीन हप्त्यांतले नऊ दिवस गेले तरी डब्यात काही नव्हतं, कारण डबाच नव्हता. मोटर ठरल्याशिवाय बाकीचं कसं ठरणार, या त्यांच्या म्हणण्याला मिस्त्री म्हणून मला नाही म्हणता येईना. पण बाप म्हणून झोप येईना. दहाव्या दिवशी मी डबा बांधून घेतला, भाकरीचा, आणि नांदेडची एसटी पकडली.

बघतो तर माणूस वाळून गेलेला. दाढी वाढलेली, शर्टाच्या खिशाला टेस्टर होताच. मी पाणीही न पिता म्हणालो, "चला दुकानात." दुकानदाराने आम्हाला रस्त्यातून येताना बघितलं आणि तो आतल्या खोलीत गेला; मला स्पष्ट दिसलं. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि इवाई पंखे बघायला वळले तसा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही यांचे कोण?"

"इवाई."

"मग तुमचं ऐकतील. काल मला विचारून राहिले होते, हैदराबादहून माल आला तो टेम्पो उन्हात किती वेळ उभा होता म्हणून. मी काय सांगू?"

मी इवाईंना म्हणालो, "पाव्हणं, मिलमध्ये मोटर आणायची तर आम्ही एकच बघायचो. सगळे पट्टे एकदम चढवले तर ओढंल का? ओढत असंल तर आणायची. मग ती हिरवी असो का पिवळी."

"आणि न्हाई ओढली तर?"

"तर दुसरी आणायची."

"दुसरीला वेळ कुठं हाय पाव्हणं?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की त्यांचे डोळे लाल आहेत. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. येताना ऑटोत ते एवढंच बोलले, की निळ्याचं खोकं जरा दबलेलं वाटलं.

घरात पाऊल टाकलं तर वर्षा लॅपटॉपसमोर बसलेली, खाली ओला टॉवेल घातलेला, आणि पडद्यावर तिसरी मशीन मेलेली. पोरगी रडत नव्हती. माझ्यावर गेलेली आहे, रडायच्या ऐवजी तिचा जबडा घट्ट होतो. आम्ही दोघे दारातच पुन्हा सुरू झालो होतो, मी सारख्या गड्यांचं आणि ते तापण्याचं, तर ती उठली.

"मामा, आबा, एक विचारू?" सासऱ्यांना ती मामा म्हणते, मला आबा. "परीक्षा कुणाची हाय?"

इवाईंनी काखेतली वही पुढे केली.

"मला कुणी विचारलं का, मला काय पाहिजे ते? माझ्या चारी मशिनी बारक्या हायेत. निळा आणा, केशरी आणा, दोन्ही ओढतील. मला मेमरी पाहिजे, मामा. चार जणींना एका वक्ताला बसायचं तर तेवढी मोठी खोली नको का? तुमच्या वहीत मेमरी किती लिहिली दाखवा बरं."

इवाईंनी वही उघडली. मग दुसरी उघडली. मग पहिलीची मागची पानं बघितली, तिथे उंदीर होते. मेमरी दुकानदाराने सुरुवातीला सांगितली तेवढीच, सगळ्यात थोडी, एका ओळीत लिहून सोडून दिलेली होती. आकाशातल्या विजेपासून बिळातल्या उंदरापर्यंत सगळ्याची काळजी या माणसाने वाहिली होती आणि खरी काळजीची जागा तेवढी सुटली होती. त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आलं आणि ते मी गिळलं, कारण माझ्याही शाफ्टच्या हिशेबात खोली किती मोठी हे कुठे होतं? इवाई चप्पल घालून तसेच मागे फिरले. मी त्यांच्या मागे. दुकानदाराला पुन्हा आत जायला वेळच मिळाला नाही. त्यांनी केशरी खोक्यावर बोट ठेवलं, म्हणाले, "हा. सगळे गडी सारखे," डबा, पडदा, यूपीएस असं बाकीचं उरकलं, आणि वर्षाने सांगितलेली मेमरी घेतली, आणि तिच्या दुप्पट आणखी घेऊ का, असं विचारायला लागले तेव्हा मी त्यांना दंड धरून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी. मला वाटलं होतं आता काळजीचं काम संपलं. देवघराशेजारच्या खोलीत त्यांनी लाकडी पाट मांडला, त्यावर स्वच्छ कागद, कागदावर सगळे सुटे भाग. स्वतःच्या मनगटाला बांधायला एक तांब्याची तार काढून तिचं दुसरं टोक लोखंडी नळाला जोडून ठेवलं होतं, अंगातली वीज यंत्राला लागू नये म्हणून. मग म्हणाले, अंघोळ करून येतो. प्रोसेसर त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत, झाकण उघडून ठेवलेला. केवढासा म्हणाल तर बिस्किटाएवढा. एवढ्याशासाठी दोन माणसांनी जिवाचं रान केलं होतं.

आता मी काय केलं ते ऐका, आणि ज्यांच्या घरी नव्या मोटारसायकलला कुंकू लागत नाही त्यांनीच मला हसावं. आमच्या मिलमध्ये नवी मोटर असो, नुसता नवा पट्टा असो, हळदकुंकू लावल्याशिवाय बटण दाबलं असं चाळीस वर्षांत झालं नाही. ते मीच लावायचो. मी देवघरातून करंडा आणला. डबीत बघितलं तर एका अंगाला नुसता करडा पत्रा, त्यावर बारीक अक्षरं. उलटं करून बघितलं तर दुसऱ्या अंगाला ओळीनं बसवलेले सोन्याचे ठिपके, बाईच्या ठुशीसारखे. यात तोंड कोणतं ते शाळेत जाऊन शिकायला लागत नाही. कुंकू पाण्यात कालवलं, पाच बोटं ओढली, हळदीची चिमूट सोडली, वर चार अक्षता ठेवल्या. हात जोडले. देवाकडे मागायची मला सवय नाही, आपलं आपण करावं. पण तिथे घरात कोणी बघत नव्हतं, म्हणून म्हणालो, माझ्या चुकीचं तिच्यावर काढू नको.

इवाई टॉवेलने डोकं पुसत आले आणि थांबले.

"हे कुणी केलं?"

"मी केलं. नवं यंत्र कोरडं बसवत असतात का?"

आतून इहीणबाई म्हणाल्या, "बरं केलं पाव्हण्यांनी. मी सांगणारच होते."

वर्षा नातीला कडेवर घेऊन आली, तिने वाकून बघितलं, आणि तिचा रंग उडाला. "आबा, सोन्याच्या बाजूनं?"

"मग तोंड कोणतं असतं?"

"तोंड पलीकडचं असतं, आबा. इथून तर सगळी वीज आत जाते."

माफ करा हे दोन शब्द मला येत नाहीत असं नाही; वापरायची सवय नाही, एवढंच. परीक्षेला दहा दिवस, माणूस इथे चक्कर येऊन पडणार, पोरीचं पुन्हा माझ्याच हाताने... मी इवाईंकडे बघायचं टाळलं. आणि मग जे झालं ते मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं, पण कोणाचा विश्वास बसत नाही. इवाई ओरडले नाहीत. त्यांनी मनगटाला तार बांधली, पाटावर बैठक मारली, चष्मा वर सारला आणि शांत आवाजात म्हणाले, "वर्षा, माझ्या कपाटातली स्पिरिटची बाटली आण. आणि चष्म्याचं फडकं." मग तो बिस्किटाएवढा तुकडा बोटांच्या चिमटीत कडेला धरून एकेका ओळीवरून, एकाच दिशेने, फडकं फिरवू लागले. बस लातूरला जाते का म्हणून चौघांना विचारणारा हा माणूस. काळजी करणाऱ्याला खरं संकट आलं की बहुतेक सुट्टी मिळत असावी. तासभर ते एवढंच बोलले: "पाव्हणं, पंखा बंद करा," आणि "पाव्हणं, उजेडातून सरका." मी पंखा बंद केला. उजेडातून सरकलो. चाळीस वर्षं लोक माझ्या उजेडातून सरकत होते.

डबा जोडून बटण दाबलं तर पंखे फिरले, पण पडदा काळाच. त्यांनी बंद केलं, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, पुन्हा दाबून बसवल्या, पुन्हा बटण. पडद्यावर अक्षरं उमटली. दुपारपर्यंत वर्षाच्या चारी मशिनी उभ्या राहिल्या आणि एकीने दुसरीला हाक मारली की तिसरी ओ देऊ लागली, असं तिने मला दाखवलं. मला नुसत्या पांढऱ्या ओळी दिसल्या, पण पोरीचा जबडा सैल झालेला दिसला. जेवायला बसलो तसे इवाई पूर्ववत झाले. घास हातात धरून म्हणाले, "पाव्हणं, हळदीचा एखादा कण राह्यला असंल तर?" मी म्हणालो, "तर तो आशीर्वाद." पण त्या दिवशी मी लातूरला परत गेलो नाही. त्यानंतरचे दहाही दिवस गेलो नाही.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी पहाटेच वीज कार्यालयात जाऊन लाइनमनला गाठलं आणि आज लाइट जाणार का असं विचारलं. तो म्हणाला, "काका, मी पण हेच वरच्यांना विचारत असतो." इहीणबाई नातीला घेऊन शेजारी गेल्या. परीक्षा सुरू व्हायच्या आधी इवाईंनी वायरी चार वेळा हलवून बघितल्या तेव्हा वर्षाने आम्हा दोघांना घराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. समोर रस्त्यापलीकडे लिंबाखाली चहाची टपरी, तिथे बाकावर जाऊन बसलो. ऊन असं की डांबर चकाकत होतं.

"पाव्हणं," इवाई म्हणाले, "निळा घेतला असता तर..."

"आता निळ्याचं नाव काढलं तर मी उठून जाईन."

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग ग्लासातल्या चहाकडे बघत म्हणाले, "तिला न्हाई जमलं तर दोष डब्याचा निघंल. डबा मी जोडला. तुम्हाला काय तोंड दाखवू?"

मी म्हणालो, "दोष काढायला बसलो तर पाव्हणं, आधी माझ्यापासून सुरू करावं लागंल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणायचंय ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी विचारलं नाही.

तेवढ्यात टपरीतला पंखा मंद होत होत थांबला. इवाई ताडकन उभे. "लाइट गेली. यूपीएसची बॅटरी पंचवीस मिनिटं. मी मोजून ठेवलीय. परीक्षा अजून पाऊण तास हाय." पायात एकच चप्पल, दुसरी शोधतायत. मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "बसा. ती बघंल."

"पण पाव्हणं..."

"आपण आत जाऊन काय करणार? बसा."

ते बसले. पंचवीस मिनिटं आम्ही दोन म्हातारे त्या बंद दाराकडे बघत राहिलो. पंचवीसची तीस झाली, चाळीस झाली. लाइट आली नाही. टपरीवाल्याने विचारलं, "काका, घरात कुणी आजारी हाय का?"

मग कडी वाजली आणि "मामा!" अशी हाक आली.

आम्ही दोघेही उठलो. वर्षा अनवाणी, तापलेल्या रस्त्यावरून पळत आली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "मशिनी चालल्या, मामा! लाइट गेल्यावर काम झालेल्या दोघींना बंद केलं, पडदा मंद केला, नेट फोनवरून घेतलं आणि उरलेल्या दोघींवर शेवटपर्यंत निभावलं. बॅटरी पुरली. बिघडवलेली सापडली, मामा!" इवाई नुसते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे, दुसरी चप्पल अजून बाकाखालीच. पुढे पंधरा दिवसांनी तिला त्या नोकरीचं पत्र आलं, ती आता नोकरी करते, चांगली करते, हे सांगून ठेवतो, म्हणजे कोणाला घोर नको. पण त्या वेळी ते काही ठाऊक नव्हतं. तेव्हा फक्त ती दोघं होती आणि दोन पावलांवर, लिंबाच्या सावलीबाहेर उन्हात, मी उभा होतो. लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, मी रडलो नव्हतो. पोरगी दिली म्हणजे काय दिलं, ते मला तेव्हा कळलंच नव्हतं, कळलं असतं तर रडलो असतो.

बऱ्याच वेळाने तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"आबा, असं उन्हात का उभं राहिलात?"

मी म्हणालो, "सावली आत्ता सरकली, बाई."